कुठं निघालास बे?

लॉकडाऊनमध्ये अख्ख्या गावाला एकच प्रश्न विचारला जात होता. ज्यांच्याकडे उत्तर होतं पण ते सांगायची सोय नव्हती, त्यांचं काय झालं?

सोलापूरकर ओळखायचा कसा? सोप्पं आहे. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की नमस्कार, हाय, हॅलो असलं काही तो म्हणत नाही. थेट विचारतो, ‘‘कुठं निघालास बे?’’

उत्तराला फारसं महत्त्व नसतं. ‘‘हितंच’’ म्हटलं तरी भागतं. विचारणारा ‘‘बरं बरं’’ म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. पुण्यात नोकरीला लागल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण आली असेल तर ती शेंगाचटणीची आणि या प्रश्नाची.

आणि मग आलं २०२०. बाकी कुणाला काय शिकवलं माहीत नाही, पण मला त्या वर्षाने या प्रश्नाची भीती शिकवली.

जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी मी लॅपटॉप आणि तीन जोडी कपडे घेऊन घरी आलो होतो. ‘आठवडाभराचा तर प्रश्न आहे’ असं आईला सांगितलं होतं. (हसू नका, तुम्हीही हेच सांगितलं असणार.) २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टीव्हीसमोर बसलो आणि आठवड्याचे महिने झाले. १२ एप्रिलला सोलापुरात पहिला रुग्ण सापडला. पाच्छा पेठ सील झाली, मग एकेक गल्ली बांबू लावून बंद व्हायला लागली. हुतात्मा एक्स्प्रेस बंद, एसटी बंद. आणि चौकाचौकात हातात काठी घेतलेला प्रश्न उभा... कुठे निघालास? का निघालास? चिठ्ठी कुठाय?

दूध, किराणा, औषध ही तीन उत्तरं चालत होती. पण काही कामं अशी असतात की ती ना दुधात बसतात ना किराण्यात. औषधात बसतात, पण कसलं औषध ते सांगता येत नाही. आजचा कॉलम त्या कामांबद्दल आहे.

एक मीटरवरून

आधी हलकाफुलका किस्सा. मे महिन्यातली दुपार. आमच्या भागातल्या मेडिकलसमोर चुन्याचे गोल आखलेले. प्रत्येक गोलात एक गिऱ्हाईक, तोंडाला मास्क, काउंटरसमोर दोरी. माझ्या पुढच्या गोलात पंचविशीतला एक मुलगा. नवीन लग्न झालेला असावा, बोटात अंगठी चमकत होती.

‘‘काका, ते द्या ना...’’

‘‘काय?’’

‘‘ते... एक पाकीट.’’

‘‘मोठ्यानं बोल की रे, मास्कमधून कळंना!’’

मागच्या पाचही गोलांचे कान टवकारले. मुलाने एकदा मागे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘पॅरासिटामॉल.’’ गोळ्या घेऊन निघून गेला बिचारा.

तेव्हा मी मास्कच्या आड खूप हसलो. घरी येऊन मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर बत्तीस स्मायली आल्या. नंतर विचार केला, की याच मुलाने एरवी काय केलं असतं? गाडीला किक मारली असती, ओळखीचा भाग सोडून विजापूर रोडला नाहीतर सात रस्त्याला गेला असता आणि अनोळखी दुकानातून घेऊन आला असता. आपल्याकडे कंडोम असाच विकत घेतला जातो, घरापासून तीन किलोमीटरवर! लॉकडाऊनने ते तीन किलोमीटर काढून घेतले.

त्यात माल कमी. जगातला दर पाचवा कंडोम बनवणारी मलेशियातली ‘कारेक्स’ कंपनी मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे बंद ठेवावी लागली होती. मे महिन्यात ‘एफआरएचएस इंडिया’ या संस्थेने अंदाज मांडला, की लॉकडाऊनच्या गोंधळात देशातल्या अडीच कोटींहून जास्त जोडप्यांना गर्भनिरोधकं मिळणार नाहीत आणि त्यातून २३ लाखांवर नको असलेली गर्भारपणं येतील. त्या अडीच कोटींतलं एक जोडपं बहुधा माझ्या पुढच्या गोलात होतं.

गच्चीवरचा फोन

आता हसण्यावारी न नेण्याचा किस्सा. माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा. तोही पुण्यात आयटीत, तोही लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेला. हे लिहायची परवानगी त्याने दिली आहे, ‘फक्त नाव टाकू नको बे’ या अटीवर.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात, एका पार्टीनंतर जे घडायचं ते घडलं. दोघंही सज्ञान, दोघांची मर्जी. फक्त कंडोम नव्हता. ‘एकदाच तर’ म्हणून विषय संपला. पंधरा-वीस दिवसांनी, सोलापुरात, त्याला ताप आला.

ते दिवस आठवा. ताप म्हणजे घरात आणीबाणी! आईवडिलांना कोरोनाची भीती. याला मात्र दुसरीच. रात्री गूगल केलं होतं त्याने. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काही जणांना साधा फ्लूसारखा ताप येतो, हे त्याने वाचलं आणि झोप उडाली. तसा ताप कशानेही येतो, पण रात्री दोन वाजता हे कोण ऐकणार?

ताप तीन दिवसांत गेला. भीती गेली नाही. रात्री एक वाजता गच्चीवरून मला फोन यायचा. ‘‘टेस्ट करायची आहे, पण कशी करू सांग.’’

आणि खरंच, कशी करणार? लॅबवाल्याला घरी बोलवावं, तर पीपीई किट घातलेला माणूस दारात दिसताच सगळी कॉलनी गॅलरीत. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येणार, पण घरचा लॅबवाला वडिलांच्या ओळखीचा. पुण्याला जावं, तर दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास. ई-पासच्या फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण लिहायचं, कागद जोडायचे. तो कोणता कागद जोडणार होता?

जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाल्यावर त्याने गाडी काढली. सिव्हिलला जायचं ठरवूनच निघाला. एका चौकात अडवलं.

‘‘कुठं निघालास?’’

‘‘सिव्हिलला.’’

‘‘कशाला? काय होतंय?’’

हवालदाराचा स्वर चढलेला नव्हता, उलट काळजीचाच होता, असं मित्र आजही सांगतो. सिव्हिलला जाणारा माणूस म्हणजे त्या दिवसांत कोरोनाचाच. पण याला काही सुचेना. ‘‘काही नाही’’ म्हणाला, गाडी वळवली आणि घरी आला.

ती टेस्ट त्यानंतर तीन महिने लांबली.

मधल्या काळात घरात वेगळंच सुरू झालं. स्थळ आलं. मुलगी चांगली, घर ओळखीचं. आणि वडिलांचा हिशोब बिनतोड, ‘‘पन्नास माणसांत लग्न उरकतंय, खर्च वाचतोय, असा चान्स परत येणार नाही.’’ हा नाही म्हणाला. का, ते सांगेना. आईला वाटलं, पुण्यात कुणीतरी आहे. वडिलांनी बोलणं टाकलं. एका घरात चार माणसं, चोवीस तास, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात एकच वाक्य... टेस्ट केल्याशिवाय मी कुणाच्या मुलीला हो कसं म्हणू?

मला त्याचं हे वाक्य फार मोठं वाटतं. त्याच्या घरच्यांना ते कधीच कळलं नाही.

सप्टेंबरमध्ये तो सरकारी केंद्रात गेला. ज्याला आयसीटीसी म्हणतात ते, म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. समुपदेशक मॅडमनी दार लावून घेतलं, सगळं ऐकून घेतलं, संमती घेतली, रक्त घेतलं. फी शून्य. थोड्या वेळाने आत बोलावलं. निगेटिव्ह. सहा महिने उलटून गेल्यामुळे शंकेला जागा नव्हती. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘इतके दिवस का थांबलात?’’

तो म्हणतो, मी पार्किंगमध्ये येऊन गाडीवर बसून रडलो.

नाव लागलेले आणि राहिलेले

हा मित्र नशीबवान. पगार चालू, खिशात स्मार्टफोन, स्वतःची गाडी, आणि गूगलवर काय शोधायचं ते माहीत. तरी सहा महिने. मग बाकीच्यांचं काय?

आपल्याकडचा एड्स प्रतिबंधाचा कार्यक्रम होर्डिंगवर चालत नाही, पायांवर चालतो. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, १९९२ पासून हे काम करते. त्यातली सगळ्यात महत्त्वाची कडी म्हणजे वस्तीतलीच एक बाई, ‘पिअर एज्युकेटर’. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमधली एक जण आपल्या साधारण साठ जणींची जबाबदारी घेते. कंडोम पोचवायचे, दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचं, वर्षातून दोनदा एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट करून घ्यायची. कुणाची तारीख कधी, कोण आजारी, कोण गावाला गेली, हे सगळं तिच्या वहीत आणि डोक्यात असतं. सोलापुरात तर या स्त्रियांची स्वतःची संघटना आहे, क्रांती महिला संघ. शेजारच्या सांगलीत ‘संग्राम’ आणि ‘वॅम्प’ नव्वदच्या दशकापासून हेच काम करत आले आहेत. आपण आयपीएल बघत असताना या बायका गावोगाव साथ रोखत होत्या, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

लॉकडाऊनने पहिला घाव घातला तो या पायांवर. लॉज बंद, ढाबे बंद, हायवेवर ट्रक अडकलेले. धंदा बंद म्हणून काही जणी गावी गेल्या, काहींनी खोल्या बदलल्या, काहींचं काम मोबाइलवर गेलं. वहीतले पत्ते जुने झाले. आणि पिअर ताई दारोदार जाणार तरी कशी? तिलाही चौकात तोच प्रश्न. पिशवीत कंडोमची पाकिटं घेऊन काय उत्तर देणार?

दुसरा घाव यंत्रणेवर बसला. ठिकठिकाणी समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन कोविड ड्यूटीवर गेले. टीबी शोधणाऱ्या ‘ट्रूनॅट’ आणि ‘सीबीनॅट’ मशिन्सवर कोविडच्या टेस्ट सुरू झाल्या. तेव्हा ते गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक हात दुसऱ्या कामाला लावला की पहिलं काम थांबतं, हे साधं गणित आहे.

आता चांगली बाजू. आधीपासून औषधावर असलेल्यांना यंत्रणेने सोडलं नाही. एचआयव्हीचं औषध म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रात एप्रिल २००४ पासून मोफत मिळतं. ते रोज घ्यावं लागतं, खंड पडला तर विषाणू डोकं वर काढतो आणि औषधालाच दाद देईनासा होऊ शकतो. नेहमी महिन्याला चक्कर. त्यात कित्येक जण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आपला तालुका सोडून दूरच्या केंद्रात नाव लावतात. एसटी बंद म्हणजे यांचं औषध बंद! राज्यात आंतरजिल्हा एसटी सुरू झाली ती थेट २० ऑगस्ट २०२० ला. पण लॉकडाऊनच्या सुरुवातीलाच नॅकोने आदेश काढला, की तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, घरातलं माणूस आलं तरी द्या. कार्यकर्त्यांनी कुठे गाडीवरून, कुठे ठरलेल्या झाडाखाली पाकिटं पोचवली. नाव न विचारता, बाहेर न सांगता.

म्हणजे बघा, रजिस्टरमध्ये ज्याचं नाव होतं त्याला व्यवस्थेने शोधून काढलं. ज्याचं नाव अजून लागायचं होतं, तो राहून गेला.

हे फक्त आपल्याकडे नाही. एड्स, टीबी आणि मलेरियासाठी पैसा पुरवणाऱ्या ‘ग्लोबल फंड’ने आपण मदत करतो त्या देशांचा हिशोब मांडला. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये एआरटी घेणारे ८.८ टक्क्यांनी वाढले. पण एचआयव्हीच्या चाचण्या २२ टक्क्यांनी घटल्या आणि प्रतिबंधाचं काम पोचलेली माणसं ११ टक्क्यांनी. उपचार तगले. प्रतिबंध पडला.

शिधा हवा? ओळख सांगा

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. भुकेपुढे कंडोम ही दुय्यम गोष्ट आहे. घरात दाणा नसलेली बाई ‘कंडोम नसेल तर नको’ असं गिऱ्हाइकाला सांगू शकत नाही. म्हणजे रेशन हासुद्धा एड्स प्रतिबंधच झाला.

पण रेशनला कार्ड लागतं, कार्डाला पत्ता, पत्त्याला पुरावा. ज्या बाईचं आख्खं जगणंच ओळख लपवण्यावर चालतं, तिने पुरावा कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० ला सांगितलं, की नॅको आणि विधी सेवा प्राधिकरणांच्या यादीवरून या स्त्रियांना शिधा द्या, ओळखपत्राचा आग्रह धरू नका. पाठोपाठ महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा पाच हजार रुपये, आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्या आईला अडीच हजार जास्त, असा निर्णय घेतला. उशिरा का होईना, चांगलं झालं. पण इथेही यादी. पिअर ताईच्या वहीत जिचं नाव नव्हतं, तिचं काय?

आकडा उतरला की डोळे मिटले?

आता आपल्यासारख्या एक्सेल-शीटवाल्यांसाठी एक कोडं.

माहिती अधिकारात नॅकोने दिलेल्या उत्तरानुसार, असुरक्षित संबंधांतून एचआयव्ही झाल्याची नोंद २०११-१२ मध्ये २.४ लाख होती. २०२०-२१ मध्ये ती ८५,२६८ वर आली. वा! ग्राफ खाली, टाळ्या?

अर्ध्या टाळ्या नक्की वाजवा. दहा वर्षांतली घट बऱ्याच अंशी खरी आहे, त्या पिअर ताईंनी कमावलेली आहे. पण शेवटचं वर्ष कोणतं आहे ते बघा. त्या वर्षात माणसं केंद्रापर्यंत पोचलीच नाहीत. जो टेस्टला गेला नाही, तो आकड्यात आला नाही. माझा मित्र सप्टेंबरऐवजी पुढच्या वर्षी गेला असता, तर तोही या ग्राफमध्ये कुठेच दिसला नसता.

अमेरिकेत हे अगदी उघड दिसलं. २०२० मध्ये तिथे क्लॅमिडियाची नोंद १३ टक्क्यांनी घटली. हा आजार बहुतेकदा लक्षणं दाखवत नाही, रूटीन तपासणीतच सापडतो. तपासण्या थांबल्या, आजार ‘कमी’ झाला! त्याच वर्षी गनोरिया १० टक्क्यांनी वाढला. म्हणजे माणसं घरात बसून संत झाली होती असं काही नाही. तिथल्या आरोग्य खात्याने स्वतःच सांगितलं, की घट तपासण्या कमी झाल्यामुळे असावी. आणि बिल पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगात १५ ते ४९ वयोगटातल्या ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला, २०२० पेक्षा जवळपास दहा लाखांनी जास्त. हा तोच सिफिलिस, जो वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

आपल्या राज्याचं सांगायचं, तर २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातले ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात, देशात सगळ्यात जास्त. हा विषय ‘त्यांचा’ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा एकदा पुन्हा वाचावा.

आता कुणी अडवत नाही

लॉकडाऊन संपून वर्षं झाली. हुतात्मा पुन्हा धावते, गड्ड्याच्या यात्रेत पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. मेडिकलसमोरचे चुन्याचे गोल पावसात धुऊन गेले. मग आता आपण सगळे बिनधास्त टेस्ट करून घेतो का?

नाही ना. चौकातला हवालदार गेला, पण एक हवालदार आपल्याच डोक्यात ड्यूटीवर आहे. कुणी बघेल का? मेडिकलवाला बाबांना सांगेल का? ऑफिसात कळेल का? ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये आपण शुगर बघतो, कोलेस्टेरॉल बघतो, बी-ट्वेल्व्हवर तर लंचला चर्चा होते. या टेस्टचं नाव काढलं की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात.

म्हणून जाता जाता कामाच्या चार गोष्टी. फ्रिजवर नका लावू, पण लक्षात ठेवा.

एक, सरकारी केंद्रात टेस्ट मोफत आहे आणि समुपदेशनही. जवळचं केंद्र कुठे, हे १०९७ या टोल-फ्री नंबरवर विचारता येतं.

दोन, २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिझल्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि टेस्टची अट घालून नोकरी देता-नाकारता येत नाही.

तीन, चूक झालीच, तर रडत बसू नका, घड्याळ बघा. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचलात, तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्हीची लागण टाळता येण्याची चांगली शक्यता असते. जितकं लवकर तितकं बरं.

चार, टेस्ट लगेच निगेटिव्ह आली म्हणून नाचू नका. तीन महिन्यांनी पुन्हा करा, ती पक्की. आणि पॉझिटिव्ह आली तरी जग बुडत नाही. औषध नियमित घेऊन विषाणूचं प्रमाण रक्तात सापडण्याइतकंही उरलं नाही, तर संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. हे आता सिद्ध झालेलं आहे.

माझ्या मित्राचं पुढे काय झालं? ते स्थळ तोवर गेलं होतं. दोन वर्षांनी दुसरं ठरलं. साखरपुड्याच्या आधी त्याने मुलीला बाहेर भेटायला बोलावलं आणि सरळ विचारलं, आपण दोघं एकदा टेस्ट करून घेऊ या का? मुलगी दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मीच विचारणार होते, पण कसं विचारू कळत नव्हतं.’’

दोघं एकाच गाडीवर सिव्हिलला निघाले. गल्लीच्या तोंडाशी शेजारचे काका भेटलेच. सोलापूर आहे शेवटी.

‘‘कुठं निघालास बे?’’

‘‘हितंच, काका,’’ तो म्हणाला. ‘‘लग्नाच्या तयारीला.’’